वळणावरचे दोनशे फूट

आई म्हणते, आमच्या घरात डूख धरणारी मी एकटीच. खरं आहे ते. वेंडल व्हॅनऑर्डनवर मी सोळा वर्षं डूख धरला. त्यातली नऊ वर्षं त्याच्याच हाताखाली काम केलं, दर मंगळवारी त्याच्या कपात कॉफी ओतली, वर दोन चमचे साखर घालून ढवळूनही दिली. माणूस काय काय ढवळतो आणि तोंडावर हसू ठेवतो, ते मला विचारा.

मी ॲर्लीन हॅस्किन. ईस्ट हॅल्कम गावच्या नियोजन मंडळाची चिटणीस. मंडळ म्हणजे पाच माणसं, एक लांब टेबल आणि वाजणारा हीटर. कुणाला आपल्या जमिनीतून तुकडा पाडायचा असला, मुलासाठी, लेकीसाठी नाहीतर विकायला, तर तो आमच्याकडे येतो. चारपर्यंत तुकडे आणि नवा रस्ता नको असेल तर ते किरकोळ विभाजन. साधं काम आहे, दोन बैठकांत होतं. फक्त नियमात बसलं पाहिजे. आणि तेवीस वर्षं नियम म्हणजे वेंडल होता. तो चर्चचा कारभारी होता, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता आणि मंडळाचा अध्यक्ष. गावातल्या अर्ध्या लोकांना त्याने लहानपणी बसमध्ये गप्प बसवलेलं होतं, त्यामुळे मोठेपणीही ते गप्पच बसायचे. मीही त्यातलीच एक.

सोळा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ क्लेटन ओहायोतल्या कारखान्यातून पाठीचं वाटोळं करून घेऊन परत आला. त्याचं मागणं फार नव्हतं. आईच्या शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला एक एकर तोडून घ्यायचा, त्यावर दोन खोल्यांचं तयार घर आणून ठेवायचं आणि आईच्या नजरेसमोर राहायचं. आई तेव्हा शहात्तर वर्षांची, एकटी, बारा गाई सांभाळत होती. दोघांचीही सोय झाली असती.

नियम असा होता की प्रत्येक तुकड्याला रस्त्याला लागून दोनशे फूट बाजू हवी. आमच्याकडे एक पद्धत होती, वेंडलनेच पाडलेली. कुणी अर्ज करण्याआधी अध्यक्ष स्वतः टेप घेऊन जागेवर यायचा. दोनशे भरले तर मग सर्व्हेअरला पैसे द्यायचे, नाही भरले तर खर्च वाचला. लोक त्याला दुवा द्यायचे.

तर एका शनिवारी वेंडल आला. आईच्या शेतासमोर रस्ता बाहेरच्या अंगाने वळतो. एका टोकाला जुनी लोखंडी खुंटी, दुसऱ्या टोकाला टपालपेटीजवळ दुसरी खुंटी. घराला लागणारे दोनशे फूट सोडले की क्लेटनसाठी उरलेला रस्ता या दोन खुंट्यांमधलाच. क्लेटनला वाकता येत नव्हतं म्हणून टपालपेटीपाशी टेपचं टोक मी धरलं.

"ताण, पोरी, ताण!" वेंडल तिकडून ओरडला. "झोळ नको!"

मी ताणून धरलं. टेप सरळ झाली. तिच्याखाली गवत होतं, चराचं पाणी होतं, आणि रस्ता तिच्यापलीकडून वळून गेला होता.

"एकशे अठ्ठ्याण्णव फूट चार इंच," वेंडलने वाचलं.

"वीस इंचांसाठी काय अडवता, वेंडल?" क्लेटन हसत म्हणाला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

"आज तुला वीस इंच सोडले तर उद्या दुसऱ्याला वीस फूट सोडावे लागतील. नियम म्हणजे नियम, बाबा. सर्व्हेअरचे पैसे वाचले म्हण."

त्याने टेप गुंडाळली, आईने दिलेला रबार्बच्या पेस्ट्रीचा तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि गेला.

क्लेटन गोठ्यामागे एका जुन्या कॅम्परमध्ये, चाकांवरच्या खोलीत, राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याला नोटीस आली, सेप्टिक टाकी नसलेल्या कॅम्परमध्ये तीस दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. सही वेंडलची. घरातल्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि क्लेटनला जिना चढता येत नव्हता. तो सिराक्यूजला एका इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायला गेला. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. चौथ्या हिवाळ्यात तो खुर्चीतच गेला आणि तीन दिवस कुणाला पत्ता लागला नाही. घरमालकाने मला फोन केला तेव्हा मी मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त टाइप करत होते. हो, तोवर मी चिटणीस झाले होते. नोकरी हवी होती, आणि दुसरीकडे कुठे होती?

पुढच्या वसंतात मला एका अर्जासाठी नियमांची वही उघडावी लागली. रस्त्याला लागून असलेली बाजू कशी मोजायची, त्याचं कलम त्यात होतं. 'रस्त्याच्या कडेच्या रेषेने, वळण असल्यास वळणाने.' मी ते तीनदा वाचलं. मग ऑफिसातलं मोजणीचं चाक गाडीत टाकलं, तेच ते दांड्याचं, ढकलत न्यायचं, आणि आईच्या शेतावर गेले. शेत तोवर विकलं होतं, पण खुंट्या जागेवर होत्या. खुंटीपासून खुंटीपर्यंत रस्त्याच्या कडेने चाक चालवलं. दोनशे चार फूट. परत उलटं चालवलं. दोनशे चार. चार फूट जास्त होते आमच्याकडे! माझा भाऊ सरळ टेपने मेला.

त्या दिवशी वेंडलच्या अंगावर धावून जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. गेले नाही. गेले असते तर तो म्हणाला असता, अरेरे, आणि चर्चमध्ये एक मेणबत्ती लावून मोकळा झाला असता. त्याचं अरेरे मला नको होतं. मला ठाऊक होतं, वेंडलची चाळीस एकर आहे आणि एक लेक आहे. कधीतरी त्यालाही तुकडा पाडावा लागणार. मी कॉफी ढवळत राहिले.

वेंडल पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला. या वर्षी जुलैत तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, अर्जदाराच्या खुर्चीत येऊन बसला. आता एकोणऐंशीचा, हातात काठी, शेजारी लेक ट्रूडी. ट्रूडीचं लग्न मोडलं होतं, मुलगी आठ वर्षांची, आणि बापाला हृदयाचं दुखणं. तिला बापाच्या रस्त्याकडच्या दोन एकरांवर घर बांधायचं होतं, त्याच्या नजरेसमोर. ते ऐकताना माझी बोटं टाइप करत होती. 'नजरेसमोर' हा शब्द मी दोनदा टाइप केला आणि एक खोडला.

त्याची जागाही वळणावर, आणि त्याच्या घराची बाजू सोडली की रस्त्याला लागलेला तेवढाच तुकडा उरत होता. सर्व्हेअरचा नकाशा टेबलावर पसरला होता. नवा अध्यक्ष गस लॅम्फियर, हा कोंबड्यांचं खाद्य विकतो आणि सगळ्यांशी गोड बोलतो, त्याने नकाशावर पट्टी ठेवली.

"वेंडल, मला तर हे एकशे सत्त्याण्णवच दिसतंय."

"अरे, पट्टी काय ठेवतोस?" वेंडल फिसकन हसला. "पक्षी उडतो तसं सरळ मोजतात होय? नियमात काय लिहिलंय? वळण असल्यास वळणाने! दोनशे सहा आहे ते. मीच लिहिलाय तो नियम, मला शिकवतोस?"

सगळे हसले. गसही हसला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! वेंडलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला आठवलंच नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. ते वाक्य मी इतिवृत्तात शब्दशः घातलं, पक्ष्यासकट.

सहा ऑगस्टला मंजुरी झाली, गसने नकाशावर सही केली. मी तो गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातला आणि नळीवर 'व्हॅनऑर्डन' लिहिलं.

आता ऐका. सही झाली म्हणजे काम झालं असं इथे सगळ्यांना वाटतं. तसं नाही. सही झालेला नकाशा बासष्ट दिवसांत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मंजुरी आपोआप रद्द. आणि नोंदवायचा कुणी? नियमात आहे, अर्जदाराने. पण आमच्याकडे अर्जदार कधी जात नाही. काउंटीचं गाव मॅरिन्स, इथून चाळीस मिनिटं. आईला ठेवलंय तो वृद्धाश्रम तिथेच, दर गुरुवारी मी तिच्याकडे जाते, आणि जाता जाता नळ्या कचेरीत देऊन पावती आणते. माझ्या आधीची चिटणीसही नेऊन द्यायची, तिची बहीण तिथे राहायची. इतकी वर्षं असं चाललंय की ते चिटणिसाचंच काम, असं गाव धरून चालतं. वेंडलने नियम लिहिला खरा, पण नळी स्वतः कधी हातात धरली नव्हती.

मंजुरीचं पत्र मी त्याला रजिस्टर्ड टपालाने पाठवलं. त्यात बासष्ट दिवसांचं कलम पुरतं छापलं, तारखेसकट. सात ऑक्टोबर. माझ्याकडून नियमात काडीची कसूर नव्हती. गावाकडून आलेली पाकिटं वेंडल फोडत नाही, हे मला माहीत होतं. त्यात काय लिहिलंय ते आपल्याला पाठ आहे, असं तो अभिमानाने सांगायचा.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. शहरातले लोक येऊन भराभर तुकडे घेताहेत म्हणून गावाने नियम बदलायला काढला होता. एक ऑक्टोबरपासून दोनशेऐवजी तीनशे फूट. आधी मंजूर होऊन मुदतीत नोंदलेल्याला जुना नियम, बाकी सगळ्यांना नवा. तो ठराव मीच टाइप केला. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात दिली, दारावर चिकटवली, सुनावणी ठेवली. सुनावणीला एक माणूस आला, तोही हीटर दुरुस्त करायला.

पहिल्या गुरुवारी मी शेल्फवरून दोन नळ्या उचलल्या आणि तिसरी राहू दिली. दारातून दोनदा मागे बघितलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या गुरुवारी बघितलं नाही. तिसऱ्या गुरुवारी तर मी रेडिओवर गाणं लावून गेले.

सप्टेंबरमध्ये ट्रूडी ऑफिसात आली, कुत्र्याचा परवाना काढायला. सोबत झुकिनीचा ब्रेड, फॉइलमध्ये गुंडाळलेला, अजून गरम.

"हा तुमच्यासाठी, ॲर्लीन. पायाचं काँक्रीट पुढच्या महिन्यात ओततायत. लेकीने आपली खोली पिवळी ठरवलीय, हट्टच धरलाय." मग निघता निघता ती थांबली. "आमच्याकडून काही राहिलं तर नाही ना? मला त्या कागदांतलं काही कळत नाही हो."

सरळ विचारलं तिने. माझ्या डोळ्यांसमोर, तिच्या खांद्यामागे, शेल्फवर ती नळी होती. हात लांबवला असता तर पोचला असता.

"वडिलांना विचार," मी म्हटलं. "नियम त्यांच्याइतके कुणाला पाठ नाहीत."

"ते तर म्हणतात, सगळं झालं. म्हणतात, ॲर्लीन नेते ते सगळं."

"मग झालं तर."

ती गेल्यावर मी ब्रेडचा एक तुकडा खाल्ला. चांगला झाला होता. उरलेला गसला दिला.

नऊ गुरुवार गेले. सात ऑक्टोबरला, सोमवारी, दिवसभर मी घड्याळाकडे बघत बसले. साडेचारला मॅरिन्सची कचेरी बंद झाली असेल तेव्हा मी उठले, कोट घातला आणि म्हटलं, क्लेटन, घे.

वेंडल नवव्या दिवशी आला. बँकेने ट्रूडीकडे नोंदणीचा नंबर मागितला होता, आणि काउंटीकडे नंबरच नव्हता. तो दारातूनच बोलत आला.

"ॲर्लीन, पोरी, त्या मॅरिन्सच्या गाढवांनी आमचा नकाशा हरवलाय बघ."

"हरवला नाही," मी म्हटलं. नळी काढून काउंटरवर ठेवली. "हा काय."

त्याला कळायला वेळ लागला. काठी काउंटरला टेकवून त्याने नळीवरचं स्वतःचं नाव वाचलं.

"हा इथे कसा?"

"तुम्ही नेला नाहीत म्हणून. कलम अठरा. अर्जदाराने बासष्ट दिवसांत नोंदवावा. तुम्हीच लिहिलंय, वेंडल. पत्रातही होतं. पत्र उघडलंत का?"

"पण तू नेतेस! नेहमी तूच नेतेस!"

"नेते. नियम नाही तो, मेहरबानी आहे."

"मग आज परत सही करून घे गसकडून. त्यात काय?"

"नवा अर्ज करावा लागेल. आणि आता तीनशे फूट लागतात. तुमचे दोनशे सहा आहेत. वळणाने."

तो खाली बसला. अर्जदारांसाठी ठेवलेल्या त्या हलणाऱ्या खुर्चीत. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मी तो डोळे भरून बघितला. सोळा वर्षं मी हाच चेहरा मनात रंगवत आले होते आणि तो अगदी तसाच निघाला.

"मुद्दाम केलंस तू."

"मी काहीच केलं नाही. नुसती बसून राहिले." मग मात्र माझा आवाज चढला. "आईच्या शेतासमोरचा रस्ताही वळतो, वेंडल! दोनशे चार फूट आहे तिथे. मी चाकाने मोजलंय, दोनदा. तुम्ही टेप ताणलीत, पक्षी उडतो तशी. वीस इंच कमी म्हणालात, आणि वर पेस्ट्रीचे दोन तुकडे खाऊन गेलात!"



"क्लेटन," तो म्हणाला. नाव आठवायला त्याला कष्ट पडले. "मी तर त्याचे सर्व्हेअरचे पैसे वाचवायला आलो होतो."

"वाचवलेत. त्याच पैशांत त्याला पुरला."

"शप्पथ सांगतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. रोज टेप ताणायचो, तशी ताणली." तो उठला, दोनदा प्रयत्न करून. "राग काढायचा तर माझ्यावर काढायचास. ट्रूडीने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"क्लेटनने तुमचं काय केलं होतं?"

 नळी तिथेच ठेवून तो गेला. काठी विसरला, मग काठी न्यायला परत आला, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा गेला.

ट्रूडी लेकीला घेऊन आता रॉचेस्टरला राहते, मैत्रिणीच्या तळघरात. वेंडल चाळीस एकरांवर एकटा आहे. रविवारी चर्चमध्ये त्याला आणायला-पोचवायला दुसऱ्यांना सांगावं लागतं. मी हे सगळं बघते आणि मला बरं वाटतं. कुणी म्हणेल, अशाने सुख लागत नाही. मला लागलं. निदान नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारपर्यंत तरी.

त्या गुरुवारी मी आईला सगळं सांगायचं ठरवलं. आई आता ब्याण्णव वर्षांची. पाय गेलेत, पण डोकं शाबूत आहे. क्लेटनची जागा वीस इंच कमी पडली हे तिने इतकी वर्षं नशीब म्हणून गिळलं होतं, आणि दोनशे चारचा आकडा मी तिला कधी सांगितला नव्हता. आधी फेड, मग सांग, असं मी ठरवलेलं. खिडकीपाशी ती व्हीलचेअरमध्ये कस्टर्ड खात होती. मी खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्यापासून सांगितलं. वळणाचं कलम, चाक, पक्षी, नळी, नऊ गुरुवार, वेंडलचा पांढरा चेहरा. सांगताना माझा श्वास फुलला होता. शाळेत पहिला नंबर आल्यावर घरी धावत यायचे, तशी अवस्था.

आईने ऐकता ऐकता कस्टर्ड संपवलं, चमचा वाटीत ठेवला.

"त्या ट्रूडीच्या पोरीची खोली कुठल्या रंगाची होणार होती म्हणालीस?"

"पिवळी. ते जाऊ दे, आई. चार फूट जास्त होते आपल्याकडे! तुला कळतंय का?"

"मला तेव्हाच दिसलं होतं," आई म्हणाली. "मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. टेप हवेत होती. चराच्या वरून गेली होती. रस्ता एकीकडे आणि टेप एकीकडे. मला वाटलं, असंच मोजत असतील. बाहेर टेप धरून दोघं शहाणी माणसं उभी आहेत, त्यांना कळत असेल."

"वेंडलला कळायला हवं होतं."

"वेंडल तिकडच्या टोकाला होता." आईने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतंच. "टपालपेटीपाशी टोक कुणी धरलं होतं, ॲर्लीन?"

 टपालपेटीपाशी उभं राहिलं की वळण स्पष्ट दिसतं. चराचं पाणी टेपच्या खाली चमकत होतं, आणि मला ते दिसलं होतं. आज नाही, चाक चालवताना नाही, त्याच शनिवारी. वाटलं होतं, विचारावं का? पण वेंडल ताण म्हणत होता, आणि बसमध्ये त्याच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून मी ताणलं.

"तू बोलशील म्हणून मी बाहेर आले नाही," आई म्हणाली. "तू तिथेच होतीस ना."

"हो," मी म्हटलं. "मीच होते."

आईने वाटी माझ्या हातात दिली. बाहेर गाडीत त्या आठवड्याच्या दोन नळ्या होत्या, कुणाच्या तरी लेकाची आणि कुणाच्या तरी लेकीची. कचेरी साडेचारला बंद होते. मी वाटी धुऊन ठेवली आणि त्या द्यायला गेले.